टक आणि खळ्ळ

१

मेलेल्या माणसाची एक चप्पल अजून गाडीतच होती.

जयवंतीने ती पेनाच्या टोकाने बाजूला सारली आणि रुमाल नाकावर दाबला. अपघाताला सहा दिवस झाले होते. श्रीपेरुंबुदूरजवळच्या एका पोलिस ठाण्यामागे ती पांढरी व्हॅन उन्हात पडली होती आणि आत जे जे होतं ते सगळं कुजत होतं. डॅशबोर्डवरच्या प्रसादाच्या चुरमुऱ्यांना हिरवी बुरशी. स्टिअरिंगला गुंडाळलेली शेवंतीची जाडजूड माळ काळी पडलेली, तिच्यातून पाणी सुटलेलं. पुढच्या चाकाला कोहळ्याचा गर, बिया आणि कुंकू वाळून चिकटलेलं; चाकाला जखम होऊन खपली धरल्यासारखं.

"कोहळा, मॅडम," हवालदार म्हणाला. "आयुधपूजेला, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, सगळे रस्त्यावर फोडतात ना. दुसऱ्या दिवशी सकाळी हा भरधाव आला, वळणावर कोहळ्यावरून घसरला, उभ्या ट्रेलरवर गेला. संपलं. तुम्ही नुसती सही करा."

नुसती सही. एकोणीस वर्षं ती हे ऐकत होती. कोल्हापुरात मोटारीचा डिप्लोमा करून ती नवऱ्यामागे मद्रासला आली. तो पेरांबूरला रेल्वेच्या कारखान्यात, आणि ही विमा कंपन्यांसाठी चेपलेल्या गाड्यांखाली. माणसं गाड्यांत काय काय मागे ठेवतात ते तिने इतकं पाहिलं होतं, की घरी तिला कुणी हाताने कालवलेला भात दिला तर घास घशाखाली उतरत नसे.

या गाडीचा ड्रायव्हर एकोजी मांडीचं हाड मोडून सरकारी इस्पितळात होता आणि त्याच्या पायथ्याशी पोलिस बसलेला होता. शेजारच्या सीटवरचा राघोत्तम, इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यातला स्टोअरकीपर, जागच्या जागी गेला होता. सोमवारी आरोपपत्र दाखल होणार होतं आणि त्याला जयवंतीचा अहवाल जोडला जाणार होता. चूक ड्रायव्हरची असेल तर एकोजी तुरुंगात. एवढं सरळ होतं ते.

तिने साडीचा पदर कमरेला खोचला, सीटखालचं वाळलेलं रक्त बघितलं, न बघितल्यासारखं केलं, आणि पाठीवर झोपून पेडलांच्या वर टॉर्च मारला.

स्टिअरिंगचा दांडा जिथे खाली जातो तिथे एक सांधा असतो. दांड्यावर तो सरकवतात आणि एका आडव्या बोल्टने आवळतात. सांधा दांड्यावरून निसटून बाजूला लोंबत होता. बोल्ट नव्हताच.

सांधा नवाकोरा होता. बोल्टचं डोकं जिथे टेकतं, तिथला काळा रंग तिने नखाने घासून पाहिला. पान्याने बोल्ट आवळला की तिथला रंग गोल सोलवटतो, दर वेळी, न चुकता.

रंगावर एक ओरखडा नव्हता.

"मॅडम, सही?" वरून हवालदार म्हणाला.

"कोहळ्यावर चाक घसरतं हो," जयवंती खालूनच म्हणाली. "बोल्ट कशावर घसरला?"

२

रणवीर दहीभात खात होता. कारखान्याचा वाहतूक अधिकारी, वय तीस, एसीची केबिन, गळ्यात ओळखपत्र, आणि ओळखपत्राला दही.

"मराठी आहात? ओ! आमच्या घरी पण मराठीच. तंजावूरची. मला नीट येत नाही, ॲक्च्युअली." त्याने बोट चाटलं. "सिंपल केस आहे, मॅडम. स्टिअरिंगमध्ये नॉइज आहे, नॉइज आहे, तीन आठवडे एकोजी सांगत होता. लॉगबुक बघा. म्हणजे त्याला माहीत होतं. तरी चालवली."

"गाडी वर्कशॉपला पाठवली होती ना?"

"गिंडीला, प्रतापसिंह मामांकडे. आपलीच माणसं. शुक्रवारी मी त्यांना दोनदा फोन केला. शनिवारी सहाच्या शिफ्टला गाडी पाहिजे म्हणजे पाहिजे, पूजा असो की नसो."

"ते काय म्हणाले?"

"म्हणाले, काळजी नको, माळ घालून पाठवतो."

"आणि शनिवारी सकाळी एकोजीने तुम्हाला फोन केला, असं ठाण्यात लिहिलंय?"

चमचा डब्यात थांबला. दह्याचा एक थेंब टेबलावर पडला आणि रणवीरने तो तळहाताने पुसला, तळहात पँटला पुसला.

"केला होता. पण सेम नॉइज, मॅडम. तोच. नॉइज म्हणजे नॉइज. किती प्रकारचे असणार?"

३

(जयवंतीच्या वहीतून. इस्पितळात तिने एकोजीची उत्तरंच तेवढी उतरवून घेतली.)

बसा, अक्का. तो डबा सरकवा, त्यांत थुंकतों मी, माफ करा.

तुमची मराठी देशावरची. आमची ऐकून तुम्हांस हसू येत असेल. येऊं द्या.

टक. नाही, असा हळू नव्हे. टक! गाडी उभी असतां स्टिअरिंग वळवलं, की टक. चालतां कधीच नाही. तीन आठवडे. म्यां दोनदा लिहून दिलं.

गुरुवारी वर्कशॉपांत सोडली. शुक्रवारी, पूजेदिवशी, संध्याकाळी सात वाजतां घ्यायला गेलों. प्रतापसिंह एकटे होते. उभ्या गाडींत चार वेळां वळवून पाहिलं. टक गेला होता. साफ.

स्टिअरिंगवर? माळ. ही एवढी. दुसरं काय असणार?

पहाटे निघालों. पूनमल्लीच्या पुढें रस्ता खणून ठेवला आहे. तिथें खळ्ळ. हा दुसरा आवाज, अक्का! हात स्थिर, चाक खड्ड्यांत, आणि पायांपाशी खळ्ळ, जशी रिकाम्या डब्यांत चावी. टक माझ्या हातानें होत होता. खळ्ळ रस्त्यानें होत होता.

थांबलों की. रणवीरसारांस फोन केला. ते म्हणाले, वर्कशॉप साडेदहापर्यंत उघडत नाही, हळू हळू ये.

चाळीसच्या वर नव्हतों. राघोत्तमास विचारा. (इथे त्याने पांघरूण तोंडावर ओढलं.)

वळण आलं. म्यां वळवलं. स्टिअरिंग फिरलं. गाडी नाही फिरली.

पोलिस म्हणतात आवाज एकच, तीन आठवड्यांचा. सार म्हणतात एकच. अस्की, सगळीच, एकच म्हणतात. दोन होते, अक्का. मेलों तरी सांगेन, दोन होते.

४

शनिवारी सकाळी गिंडीच्या औद्योगिक वसाहतीत, प्रतापसिंहांच्या वर्कशॉपच्या दारातच तिला तो वास पुन्हा भेटला. व्हॅनमधलाच. सडकी शेवंती, आंबलेलं नारळपाणी, ग्रीस. ऑफिसच्या मागे एक फुगलेलं पोतं भिंतीला टेकून होतं आणि त्याच्या बुडातून तपकिरी ओघळ गटारापर्यंत गेला होता.

"निर्माल्य," प्रतापसिंह हात जोडत म्हणाले. गोरे, गुबगुबीत, कपाळावर ताजं गंध. "देवाची फुलं कचऱ्यांत कशी टाकावी? उद्या रविवार, गाडी करून समुद्रांत सोडूं. कॉफी घ्या, अक्का. मराठी माणूस या दारांत आलं, की मला जेवल्यासारखं वाटतं."

तिकडच्या रीतीने वाटीत आलेल्या कॉफीवर साय धरली होती. वाटीच्या काठावर बोटाचा तेलकट ठसा होता. जयवंतीने वाटी हातात घेतली, आणि तशीच धरून बसली.

"पूजा मोठी होते वाटतं तुमच्याकडे?"

प्रतापसिंह फुलले. तीस वर्षांत खंड नाही, ते म्हणाले. शुक्रवारी दुपारी बारालाच सगळी हत्यारं गोळा झाली, धुतली, पुसली. संध्याकाळी पाचला पूजा. साडेपाचला प्रसादाच्या पुड्या घेऊन सगळी माणसं घरी. मग दुसऱ्या दिवशी विजयादशमीला साडेदहाच्या मुहूर्तावरच हत्यार उचलायचं. तोवर बोट लावायचं नाही. "एकदा मोठ्या साहेबाची गाडी दारांत अडकली, तरी नाही!" आणि चंदन-कुंकवाचं ताट दुसऱ्या कुणाच्या हाती नाही. हत्यारांना, प्रत्येक गाडीला, स्वतः प्रतापसिंह लावणार. "माझ्याशिवाय कोणाच्या हातास चंदन लागत नाही इथें."

भिंतीवर त्या दिवशीचा फोटो होता. झेंडूच्या आराशीपुढे पाने, हातोडे, जॅक ओळीने मांडलेले. मधोमध सगळ्यांत महागडं हत्यार, टॉर्क पाना. बोल्ट किती जोराने आवळला ते मोजणारा. कोपऱ्यात कॅमेऱ्याने छापलेले नारिंगी आकडे: तारीख, आणि ५.१०.

"आणि एकोजीची गाडी?"

"गुरुमूर्तीनें काम केलं. माझा हेड मेकॅनिक. काम पुरं झालं होतं, अक्का. आमच्याकडे नियम आहे. काम अर्धवट, तर स्टिअरिंगला लाल चिंधी. चिंधी असेल ती गाडी कोणी हलवत नाही, गिंडीतला प्रत्येक ड्रायव्हर जाणतो. एकोजीस विचारा, चिंधी होती काय? नव्हती. मग?" त्यांनी ओले तळवे पसरले. "बोल्ट निसटला तो ट्रेलरवर आदळतांना. हें घ्या जॉब कार्ड."

५

    गाडी: व्हॅन, पांढरी
    आली: गुरुवार
    तक्रार: स्टिअरिंगमध्ये आवाज
    काम: खालचा सांधा बदलून नवीन
    बोल्ट: टॉर्क पान्याने आवळला, शुक्रवार, सायं. ६.३०
    मेकॅनिक: गुरुमूर्ती
    तपासून ठीक: प्रतापसिंह

जयवंतीने कार्ड दोनदा वाचलं. मग वाटी खाली ठेवली. न पिता.

६

गुरुमूर्ती पंचेचाळिशीचा, वाळका, नखांत काळं. तो तिच्याकडे न बघता तमिळमध्ये बोलला. "कार्ड मी लिहीत नाही, अम्मा. सकाळी कोऱ्या कार्डांवर सह्या करून देतो. पुढचं मालक भरतात."

"ते राहू दे. आवारातली ती दुसरी व्हॅन त्याच बनावटीची ना? बोल्ट ढिला कर तिचा, मग सांगते."

आवारात तशीच एक निळी व्हॅन होती. जयवंती आत बसली. इंजिन बंद. गुरुमूर्तीने खाली वाकून सांध्यावर हात ठेवला. तिने स्टिअरिंग डावीकडे उजवीकडे हलवलं. काही नाही. मग गुरुमूर्तीने मागचा टायर पकडून गाडी गदागदा हलवली.

खळ्ळ.

रिकाम्या डब्यात चावी. नवा सांधा दांड्यावर घट्ट बसतो, म्हणून वळवताना आवाज नाही. पण न आवळलेला बोल्ट आपल्या भोकात हादऱ्याने नाचतो.

"आणि टक?"

गुरुमूर्ती आत गेला आणि एका तेलकट डब्यातून व्हॅनमधून काढलेला जुना सांधा घेऊन आला. हातात धरून पिळला. टक. मधला फुलीच्या आकाराचा तुकडा झिजून सैल झाला होता. वळवलं की टक, नाहीतर मुका.

दोन आवाज. एक जुन्या सांध्याचा, तो या डब्यात. दुसरा नव्या बोल्टचा, तो पूनमल्लीच्या पुढे कुठेतरी रस्त्यावर पडलेला. एकोजीने दोन्ही अचूक ओळखले होते आणि एका दहीभात खाणाऱ्या माणसाने दोन्हींना नॉइज म्हटलं होतं.

"टॉर्क पाना दाखव."

त्याने पेटी उघडली. पान्यावर पूजेचे चंदनाचे ठिपके वाळून पांढरे झाले होते. एक ठिपका बरोबर मुठीच्या कडीवर होता, अर्धा कडीवर, अर्धा आकड्यांच्या पट्टीवर. पाना वापरायचा तर ही कडी फिरवून आकडा लावावा लागतो.

ठिपका अखंड होता. केसाएवढीही चीर नव्हती.

"साडेसहाला तू हा वापरलास म्हणे."

गुरुमूर्तीने पेटी मिटली. "साडेसहाला मी माझ्या घरी होतो, अम्मा. शुक्रवारी बाराला नवा सांधा बसवला, बोल्ट बोटांनी लावला, तेवढ्यात हत्यारं धुवायला नेली. म्हटलं शनिवारी हत्यार उचललं की पहिलं हेच. मालकांना सांगितलं. आणि चिंधी बांधली. देवाशपथ बांधली."

"कुणी पाहिली?"

"कुणी नाही."

"पाहिली कुणीतरी," जयवंती म्हणाली आणि ऑफिसकडे चालू लागली. भिंतीवरच्या फोटोपाशी ती इतकी जवळ गेली, की काचेवर तिचा श्वास उमटला. आरास, हत्यारं, उदबत्तीचा धूर. आणि अगदी डाव्या कडेला, धुरापलीकडे, पांढऱ्या व्हॅनची पुढची काच. काचेआड स्टिअरिंग.

स्टिअरिंगवर माळ नव्हती. एक लाल डाग होता.

५.१०.

७

आता हे कुणी वाचूच नये असं.

पोत्याचं तोंड सुतळीने बांधलेलं होतं. जयवंतीने सुतळी सोडली आणि आतून गरम वाफ आली. फुलं आत शिजत होती. तिने श्वास रोखला, बांगड्या वर सारल्या आणि कोपरापर्यंत हात घातला. आत गिळगिळीत लगदा; बोटांशी काहीतरी वळवळलं. नारळाच्या करवंट्या. केळीची सालं. भिजून पिठलं झालेले चुरमुरे. मान वळवून ती गटाराच्या कडेला थुंकली आणि तिने पुन्हा हात घातला.

"अम्मा, मी शोधतो," गुरुमूर्ती म्हणाला.

"तू हात लावू नकोस. तू तर अजिबात लावू नकोस. नुसता बघ."

ती एवढंच धरून होती: ज्या माणसाने चिंधी काढली त्याच्या एका हातात ताट होतं. काढलेली चिंधी तो कुठे ठेवणार? जमिनीवर नाही, पूजेच्या दिवशी घाण नको. खिशात नाही, कपडे नवे. ताटात. आणि ताटातलं सगळं पोत्यात. कचरा असता तर कॉर्पोरेशनची गाडी कधीच घेऊन गेली असती. पण देवाची फुलं कचऱ्यात कशी टाकावी?

बोटांना कापड लागलं.

८

तिने चिंधी प्रतापसिंहांच्या टेबलावर, जॉब कार्डाच्या शेजारी ठेवली. त्यांनी खुर्ची मागे सरकवली.

"अक्का, हें काय घाण..."

"तुमचीच आहे. गुरुमूर्तीची म्हणा हवं तर. बाराला त्याने बांधली. पाच वाजून दहा मिनिटांनी फोटोत आहे. साडेपाचला माणसं घरी गेली, असं तुम्हीच सांगितलंत. सातला एकोजी आला तेव्हा चिंधीच्या जागी माळ होती आणि इथे तुम्ही एकटे होतात." तिने पेनाने चिंधीची घडी उलगडली. बाहेरून सगळी काळी झाली होती, पण दुमडीच्या आत, ओल पोचली नव्हती तिथे, पिवळट चंदनाचा अंगठा उमटला होता. "गाठ ओल्या चंदनाच्या हाताने सोडली आहे. चंदन कुणाच्या हाताला लागतं इथे?"

प्रतापसिंहांनी आपला अंगठा मुठीत मिटला.

"आणि साडेसहाला ज्या पान्याने बोल्ट आवळला म्हणता, त्याच्यावरचा तुमचा ठिपका अजून मोडलेला नाही. नव्या सांध्याच्या रंगावरही ओरखडा नाही. तो बोल्ट कधी पान्याने आवळलाच गेला नव्हता आणि तुम्हाला ते माहीत होतं."

बाहेर कुणीतरी पत्र्यावर हातोडा मारत होतं. प्रतापसिंहांनी पंच्याने मान पुसली.

"त्या पोराचे दोन फोन," ते शेवटी म्हणाले. "गाडी पाहिजे, गाडी पाहिजे. काय करूं? मळकी चिंधी लावून द्यावी पूजेदिवशी? वाटलं, एकोजी आज नेऊन घरापाशी लावील. सकाळीं फोन करून बोलावून घेईन, मुहूर्त झाला, की दोन मिनिटांचं काम."

"सहाची शिफ्ट आहे हे रणवीरने सांगितलं होतं."

"सकाळीं घरीं पूजा होती. राहून गेलं."

"दोन मिनिटांचं काम तेव्हाच का नाही केलंत?"

त्यांनी तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं, की जणू तिनेच काही अमंगळ विचारलं होतं. "पूजा झाली होती, अक्का. हत्यार उचलायचं कसं?"

"शेजारच्या शेडमधून पाना मागायचा."

"त्यांचीही झाली होती."

खरंच होतं ते. त्या संध्याकाळी अख्ख्या गिंडीत हजारो पाने होते, लखलखीत, ओळीने मांडलेले, चंदन लावलेले, आणि एका बोल्टसाठी त्यांतला एकही मिळण्यासारखा नव्हता.

प्रतापसिंह पुढे झुकले. त्यांच्या तोंडाला विड्याचा गोड वास होता. "ऐका. गुरुमूर्ती विसरला, असं लिहा. मेकॅनिक विसरतात, त्यास कोणी फार विचारत नाही, आणि दुसरं काम मिळेल त्याला. एकोजी सुटला, तुमचं काम झालं. आपण मराठी माणसं या परमुलखांत एकमेकांस सांभाळायचं नाही, तर कोणी?"

गुरुमूर्ती दारात उभा होता. मराठी त्याला येत नव्हती. त्याला फक्त आपलं नाव कळलं.

जयवंतीने त्याच्याकडे पाहिलं, मग टेबलावरच्या त्या गार झालेल्या कॉफीकडे. साय सुरकुतली होती आणि तिच्यात एक माशी अडकली होती. तिने चिंधी प्लास्टिकच्या पिशवीत घातली, टॉर्क पान्याची पेटी आणि फोटो काखेत घेतला, आणि निघाली.

"अक्का, कुंकू तरी लावून जा!" मागून प्रतापसिंह म्हणाले. सवयीने. ताटाकडे हातही गेला होता त्यांचा.

९

सोमवारी दुपारी एकोजीच्या पायथ्याचा पोलिस स्टूल उचलून निघून गेला. जाताना तो एकोजीचं वर्तमानपत्रही घेऊन गेला.

"दोन होते," जयवंतीने सांगितलं. "लिहून दिलं आहे. टक वेगळा, खळ्ळ वेगळा."

एकोजीने डोळे मिटले. वॉर्डात फिनेलचा आणि फिनेलने न दबलेला वास होता. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा उघड्यावरच भांड्यात लघवी करत होता. तिने खिडकीकडे तोंड केलं.

"आणि चिंधी होती?" एकोजीने विचारलं.

"होती. प्रतापसिंहांनी काढली. तेही लिहिलंय."

"असती तर म्यां किल्लीच लावली नसती." तो छताकडे बघत राहिला. "माळ बघून हात जोडले, अक्का. सकाळीं राघोत्तम बसतां बसतां म्हणाला, एकोजी, तुझ्या गाडींत आज देवळासारखा वास येतो. खूश झाला. काच लावून घेतली, वास जाऊं नये म्हणून."

जयवंती उठून कोपऱ्यातल्या बेसिनशी गेली. शनिवारपासून ती हात धूत होती. साबण, लिंबू, रॉकेल. तिने पुन्हा धुतले, वास गेला का बघायला नाकाशी नेले. होता.

मागून एकोजी ओरडला, "अक्का! ऐका!"

वॉर्डच्या दारातून एक माणूस ढकलगाडी आणत होता. वर पांघरुणाखाली कुणीतरी कण्हत होतं. फरशीच्या प्रत्येक सांध्यावर गाडी आवाज करत होती.

"खळ्ळ," एकोजी म्हणाला. "पुढचं उजवं."

"थांबा," जयवंती म्हणाली. तमिळमध्ये, मोठ्याने. ढकलणारा थांबला. त्या फरशीवर काय काय सांडलेलं होतं ते तिला दिसत होतं. ती गुडघ्यांवर बसली आणि चाक हाताने हलवलं. नट शेवटच्या आट्यावर आला होता. तिने तो बोटांनी फिरवून वर नेला, जेवढा जाईल तेवढा.

"झालं, अम्मा?" ढकलणारा म्हणाला. "सोडा. डॉक्टर वाट बघताहेत."

"नाही झालं." तिने चाक सोडलं नाही. "बोटांनी लावलाय नुसता. पाना आहे कुठे?"

"स्टोअरमध्ये असेल. तिथला माणूस जेवायला गेलाय."

"ताटावरून उठवून आण त्याला," जयवंती म्हणाली. "मी इथेच बसलेय."